खालच्या खोलीतलं इंजिन

लोअर हट
६ फेब्रुवारी २००५

तीर्थरूप दादा,

तुझं पत्र मिळालं. सव्वीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाने बहिणीला इमेल करणं म्हणजे धर्म बुडवणं, हे मला मान्य आहे. तेव्हा मीही कागदावर लिहिते आणि उत्तराची वीस दिवस वाट बघते. आपल्या दोघांना तेवढीच घाई आहे.

गोंदियाला बढतीवर बदली झाली, अभिनंदन. कल्याणीवहिनीलाही सांग. आई पडल्यापासून तिचा गुडघा धड नाही, तिला दोन वर्षं सातारच्या फ्लॅटमध्ये एकटं ठेवता येणार नाही, म्हणून जूनपासून तिला माझ्याकडे पाठवायचं तू ठरवलंस, हेही वाचलं. 'ठरवलंस' म्हणते, कारण 'विचारतो' हा शब्द मला चार पानांत कुठे सापडला नाही. पण मला आनंद झाला. खोटं नाही सांगत, वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडले आणि मग पुढे येऊन लोकांना खोकल्याची औषधं दिली. मला परदेशी येऊन नऊ वर्षं झाली, आई एकदाही इथे आलेली नाही.

अडचण एकच आहे. आमचं घर टेकडीच्या उतारावर आहे. झोपायच्या खोल्या वर, चौदा पायऱ्या चढून. खाली एकच खोली आहे, शेजारी न्हाणीघर, समोर सरकतं काचेचं दार, पायरी एकही नाही. आईसाठीच बांधल्यासारखी. आणि त्या खोलीत सध्या रेल्वेचं इंजिन राहतं.

तू आता चष्मा पुसशील, म्हणून नीट सांगते. आमचा शेजारी कॉलिन. याने एकोणीस वर्षं खपून आपल्या शेडमध्ये वाफेचं इंजिन बांधलं. खेळण्यातलं नव्हे. खराखुरा कोळसा, खरी वाफ, कमरेएवढं उंच, आणि मागच्या छोट्या डब्यावर मोठ्या माणसाने गुडघे कानाशी घेऊन बसायचं. अशा माणसांचा इथे क्लब असतो, त्यांचे स्वतःचे रूळ असतात, आणि रविवारी ही आजोबा मंडळी टोप्या घालून गोल गोल फिरतात. कॉलिन दर रविवारी कुंपणापलीकडे ते पुसत बसायचा आणि आईचा लाडका जावई शिरीष दर रविवारी कुंपणाशी जाऊन म्हणायचा, "ब्यूटिफुल, कॉलिन. कधी द्यायचं झालं तर आधी मला सांग हं."

आपल्याकडे असं म्हणतात. कोणाचा बंगला बघून म्हणतात, साडी बघून म्हणतात. ऐकणारा खूश होतो आणि तिथेच विषय संपतो. कॉलिन मात्र उठून वकिलाकडे गेला. ऑगस्टमध्ये तो वारला आणि सप्टेंबरमध्ये मृत्युपत्राप्रमाणे इंजिन शिरीषला आलं. क्लबातली सहा माणसं ते घेऊन आली. गॅरेजमध्ये ओल आहे, लोखंड गंजेल, असं त्यांनीच ठरवलं आणि खालच्या खोलीत आणून ठेवलं. अडीचशे किलो. शिरीष काय म्हणाला असेल, सांग बघू. म्हणाला, नो प्रॉब्लेम.

तर आता ते विकायचं आहे. इंटरनेटवर जाहिरात टाकली आहे. आईला सांग, खोली होते आहे.

नीलू


सातारा
२३ फेब्रुवारी २००५

चि. नीलू,

आशीर्वाद. लोक आईला न नेण्याची कारणं देतात, तशी मी पुष्कळ ऐकली आहेत. मुलांची परीक्षा, घराचं रंगकाम, बायकोचा स्वभाव. रेल्वेचं इंजिन हे प्रथमच. कल्पनाशक्ती तुला लहानपणापासूनच होती, शाळेत निबंधाला बक्षीसही मिळालं होतं.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जावई फार सज्जन आहेत." मी म्हटलं, त्याचाच हा परिणाम.

मुद्द्याचं लिहितो. मला एक जुलैला गोंदियात हजर व्हायचं आहे. त्याआधी आई विमानात बसली पाहिजे. तिच्याशी बोललो. ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. म्हणजे तिची तयारी आहे. तेव्हा इंजिन विका, वितळवा, नाहीतर नदीत सोडा. आणि जमल्यास त्याचा एक फोटो पाठव. अविश्वास म्हणून नव्हे, कुतूहल म्हणून.

विवेक


लोअर हट
१३ मार्च २००५

दादा,

फोटो सोबत आहे. इंजिनावर बसलेला, कान लाल झालेला इसम तुझा मेहुणा. आता कुतूहल शमलं असेल तर पुढचं वाच.

दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिला पामर्स्टन नॉर्थहून दोन तास गाडी हाकत, मागे ट्रेलर लावून आला. उंच, लाल दाढी, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. त्याने चाकांपासून शिट्टीपर्यंत सगळं वाकून बघितलं आणि बॉयलरचं सर्टिफिकेट आहे ना विचारलं. वाफेचा बॉयलर फुटला तर माणूस भाजतो, म्हणून तपासणीचा कागद लागतो. शिरीषला तो कागद म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पण दोन तास गाडी हाकून दारात आलेल्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं? म्हणाला, "ऑफ कोर्स." मग तो कागद शोधायला वर गेला तो पाऊण तास वरच. तोपर्यंत मी त्या माणसाला पोहे दिले, चहा दिला, पुन्हा पोहे दिले. शेवटी कॉलिनच्या फाइलीत कागद सापडला. मुदत १९९८ साली संपलेली. दाढीवाला रिकामा ट्रेलर घेऊन गेला. जाताना पोह्यांची कृती मात्र लिहून नेली.

दुसरा अप्पर हटचा, अगदी जवळचा. त्याला इंजिन आवडलं, किंमत पटली, कागद नसला तरी चालेल म्हणाला. निघताना म्हणाला, "या, ना, आय विल हॅव अ थिंक." म्हणजे हो आणि नाही एका दमात, वर विचार करतो. शिरीष म्हणाला, झालं, विकलं. त्या भरवशावर आम्ही इतर तिघांना फोनवर 'गेलं' म्हणून सांगितलं, मी खोलीला पडदे शिवले, आणि तीन आठवडे वाट बघितली. काल दुकानात एका बाईने मला समजावलं की इथे 'विचार करतो' म्हणजे 'नको'. इथलेही सज्जनच आहेत, फक्त वेगळ्या पद्धतीने.

आमची लेक सिद्धी विचारते, आजी आल्यावर मराठीतच उत्तर द्यावं लागेल का. मी हो म्हटलं. ती थोडी घाबरली आहे आणि हल्ली आरशासमोर 'जेवलीस का' म्हणते.

आईला गरम कपडे आणू नकोस म्हणावं. इथे मी घेते.

नीलू


सातारा
१ एप्रिल २००५

नीलू,

फोटो मिळाला. इंजिन आहे. मागे घेतो.

पण बाकीचं मागे घेत नाही. मी पोस्टात आहे, मला परत आलेली पत्रं वाचता येतात. 'पत्ता अपुरा', 'घर बंद', 'मालक बाहेरगावी'. दहातल्या नऊ वेळा मालक घरातच असतो, त्याला ते पत्र घ्यायचं नसतं. दोन गिऱ्हाइकं आली, दोन्ही गेली, एकाला पोहे चारले, दुसऱ्याच्या भरवशावर तिघांना हाकललंत. विकायचंच नसतं तर याहून वेगळं काय केलं असतं तुम्ही?

रागावू नकोस. कल्याणी म्हणते, असं लिहू नका. पण नऊ वर्षं आईचं दुखलंखुपलं आम्ही बघतो. तू दर रविवारी फोन करतेस आणि तिची तब्येत विचारतेस. दोन्ही कामं सारखीच महत्त्वाची आहेत, हे मला कळतं.

तुला नको असेल तर तसं लिही. मी गोंदिया नाकारतो. बढती पुढेही येईल, नाहीतर नाही येणार.

विवेक


लोअर हट
२४ एप्रिल २००५

दादा,

तुझ्या पत्राचं उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. हे चौथं. आधीच्या तिन्हींत तू काय आहेस ते सविस्तर होतं. ती न पाठवण्याचा मोठेपणा माझ्या नावावर लिहून ठेव.

मला आई हवी आहे. बाबा गेले तेव्हा मला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. ते तुला ठाऊक आहे आणि ठाऊक असूनही तू ते रविवारच्या फोनचं लिहिलंस. तुझ्या हातून बरोबर जागी लागतं, हा गुण आपल्या घरात सगळ्यांनाच आहे. बढती नाकारायची धमकीही पोचली. ती तू कल्याणीवहिनीला वाचून दाखवली नसशील, असा माझा अंदाज आहे.

आता तिसरं गिऱ्हाईक. या वेळी मी रजा घेऊन घरी थांबले आणि शिरीषला बजावलं, तू बोलायचं नाहीस. माणूस चांगला होता, सगळं ठरलं, तो टेप लावून दाराची रुंदी मोजत होता. एवढ्यात कुंपणातल्या फाटकातून मॉरीन आली, हातात गरम स्कोन्सची, म्हणजे इथल्या छोट्या गोडसर पावांची, बशी. मॉरीन म्हणजे कॉलिनची बायको. ती गेले आठ महिने भेटली की विचारते, "कसं आहे कॉलिनचं इंजिन?" आणि आम्ही म्हणतो, मस्त आहे. तिच्या नवऱ्याची शेवटची इच्छा आम्ही इंटरनेटवर विकायला काढली आहे, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

तिने त्या टेपवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "तुम्ही ते काढून तर टाकत नाही ना?" मी बजावून ठेवलेला शिरीष बोलला. म्हणाला, छे छे, हे विम्याचे गृहस्थ आहेत. मग मॉरीनने त्या विम्याच्या गृहस्थाला, कॉलिनने हे किती प्रेमाने शिरीषला दिलं, ते सगळं सांगितलं. तो माणूस स्कोन खाता खाता ऐकत होता. खाऊन झाल्यावर शिरीषला बाजूला घेऊन म्हणाला, सॉरी मेट, हे मी नेऊ शकत नाही, मला झोप लागणार नाही. आणि गेला.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत शिरीषवर धुसफुसत होते. मग कळलं की मीही तिथेच उभी होते आणि माझ्याही तोंडातून शब्द फुटला नव्हता. मॉरीनचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. विधवा बाईला दुखवायचं की आईला ताटकळवायचं, तूच सांग. तुला दुखवण्याचा अनुभव जास्त आहे.

नीलू


सातारा
१० मे २००५

नीलू,

कल्याणीने तुझं पत्र वाचलं. धमकीचाही विषय निघाला. मी दोन दिवस बाहेर जेवलो.

ते रविवारच्या फोनचं मी लिहायला नको होतं. चुकलं.

पण तारीख काही चुकत नाही. मॉरीनबाईंना दुखव. त्या तुझ्या कोण? आईचा पासपोर्ट आला आहे. तिने बॅग काढून उन्हात ठेवली आहे. ती रोज विचारते, इंजिन गेलं का. मी म्हणतो जाईल. ती म्हणते, बरं. आता यापुढे मला 'अजून नाही' असं पत्र पाठवू नकोस.

विवेक


लोअर हट
२९ मे २००५

दादा,

इंजिन गेलं.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी मॉरीनकडे गेले. चपला काढायच्या आतच बोलले, नाहीतर धीर झाला नसता. म्हटलं, "मॉरीन, आम्हाला ते इंजिन नको आहे. कधीच नको होतं. शिरीष आठ वर्षं नुसतं चांगलं वाटावं म्हणून बोलत होता."

ती किटलीत पाणी भरत होती. नळ बंद केला, किटली खाली ठेवली आणि खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता ही रडणार. ती म्हणाली, "थँक गॉड. त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही ते परत माझ्याकडे आणून सोडता."

दादा, त्या बाईला ते एकोणीस वर्षं नको होतं. तिच्या दोन्ही मुलांना नको होतं, त्यांनी बापाला तोंडावर सांगितलं होतं. क्लबलाही नको होतं, त्यांच्याकडे अशी पाच धूळ खात पडली आहेत. कॉलिनने मरण्याआधी एकेकाला विचारलं आणि एकेकाने नाही म्हटलं. "मग त्याने तुम्हाला विचारलंच नाही," ती म्हणाली, "कारण तुम्ही नाही म्हणणार नाही, हे त्याला माहीत होतं." आणि ती आठ महिने इंजिनाची खुशाली विचारत होती, ती ते अजून आमच्याकडेच आहे ना, याची खात्री करायला.

मला आधी राग आला, मग हसू आलं. मॉरीनने तिथल्या तिथे फोन उचलला आणि मास्टरटनच्या कोणा माणसाला सांगितलं, इंजिन आहे, कागद नाही, चाकं चांगली आहेत, शनिवारी येऊन ने, नाहीतर भंगारात जाईल. दीड मिनिट. आम्ही चार महिने पोहे करत होतो. शनिवारी तो आला, पैसे दिले, डोंगरापलीकडे घेऊन गेला. खोली आता रिकामी आहे. शिरीषने भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. खिडकीतून टेकडी दिसते.

काल रात्री रंग वाळताना मी तिथे बसून तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. त्यात इथे येण्याबद्दल आईचं असं एकच वाक्य आहे. 'तुम्ही म्हणाल तसं.' आणि ते तू तयारी म्हणून लिहिलंस आणि मी तयारी म्हणून वाचलं. दादा, ती आपलीच आई आहे. शिरीष जसं कुंपणाशी बोलायचा तसंच ती आयुष्यभर बोलत आली आहे. तिला यायचं आहे का, हे तू विचारलं नाहीस. मीही नाही. मी पडदे शिवत होते.

सोबत बंद पाकीट आहे. ते आईचं आहे. तू पोस्टमास्तर आहेस, तेव्हा दुसऱ्याचं टपाल न फोडता पोचवशील, अशी आशा करते.

नीलू


सातारा
१४ जून २००५

चि. नीलू हिस आईचे आशीर्वाद.

तुझं पाकीट विवेकने न फोडता दिलं. उजेडाला धरून बघितलं असावं, कारण दोन बोटांचे घामाचे ठसे होते.

तुझी पत्रं तो मला वाचून दाखवायचा. मधलं मधलं गाळायचा. तो ऑफिसात गेला की मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची, गाळलेल्यासकट. करमणूक झाली. तुम्ही दोघं भांडता छान. बाबा असते तर त्यांनाही आवडलं असतं. माझ्यासाठी इतका पत्रव्यवहार झाला, खोली रंगवून झाली, पासपोर्ट झाला, आणि आता पाकिटात एका ओळीत प्रश्न आला, 'आई, तुला यायचंय का? हो किंवा नाही लिही.'

मी तो कागद दोन दिवस उशाशी ठेवला होता. मला असं कोणी विचारलेलं आठवेना. लग्नात विचारलं नाही. साताऱ्याला घर घेताना विचारलं नाही. तू परदेशी जाताना 'जाऊ का' म्हणालीस, ते विचारणं नव्हे, तिकीट काढून झालं होतं.

तर उत्तर लिहिते. नाही.

लिहून इतकं बरं वाटलं की पुन्हा लिहिते. नाही. माझी बॅग उन्हात ठेवली ती झुरळं झाली म्हणून.

मला माझ्या घरात राहायचं आहे. वरच्या मजल्यावरची वसुंधरा येऊन माझ्याबरोबर राहणार आहे. तीस वर्षं नर्स होती, माझ्या गुडघ्याला ती पुरे. तिच्या मुलाचं तुमच्याच देशात, ऑकलंडला फ्लॅट बुश म्हणून गाव आहे तिथे पाच खोल्यांचं घर आहे. सहा महिने राहून आली. मुलगा चांगला, सून चांगली, सकाळी दोघं गाड्या काढून गेली की संध्याकाळपर्यंत घरात ती आणि फ्रिज. ते दोघं तिची इतकी काळजी घ्यायचे की परत जायचं आहे हे सांगायला तिला चार महिने लागले. मला ते शिकायचं नाही. आम्ही दोघींनी हे फेब्रुवारीतच ठरवलं होतं. तुम्ही विचाराल तेव्हा सांगू म्हटलं.

विवेकला सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी आहे म्हणाला, तेव्हा निवळला असं समजले. तो गोंदियाला जातो आहे. जाऊ दे, त्याला साहेब व्हायचं आहे.

तुला वाईट वाटेल. वाटू दे, मलाही वाटलं. त्या दांड्यांचं वाचून मी पदर डोळ्यांना लावला. तू मला हवी आहेस, नीलू. पण तुझ्या खालच्या खोलीत टेकडी बघत बसून नव्हे.

बाबांच्या वेळचं सोडलं तर तू नऊ वर्षांत दोनदा आलीस. दोन्ही वेळा कोणाच्या तरी लग्नाला. बारा दिवस, त्यातले सात हॉलवर. माझ्याकडे बसलीस ती एक संध्याकाळ, तीही साड्यांना फॉल लावत. आता मी विचारते, कारण विचारायचं असतं हे तूच मला शिकवलंस. नुसतं माझ्याकडे राहायला म्हणून यावंसं वाटतं का तुला? वाटत असेल तर ये. वाटत नसेल तर नाही असं लिही, मी वाचीन, मला काही होणार नाही. 'बघू, रजा मिळाली तर' असं मात्र लिहू नकोस. ते मी नऊ वर्षं वाचते आहे.

आई